गाळलेल्या पाण्यानं धुतलेली काळी गाडी

मी बढाई मारत नाही. एकदा मारली असं आमच्या कॉलनीत म्हणतात, पण ती बढाई नव्हती, ती माहिती होती. आणि खरी माहिती सांगणं हा कुठल्याही शास्त्रात दोष धरलेला नाही. झालं असं की मंदिरात महिला मंडळाची बैठक होती. फाल्गुनातल्या अष्टान्हिकेत, म्हणजे आमच्या आठ दिवसांच्या पर्वात, सिद्धचक्र विधानाची मोठी पूजा बसणार होती. त्याचा मंगल कलश मंदिरापासून मांडवापर्यंत मिरवत न्यायचा, आणि तो दरवर्षीसारखा राजमतीवहिनींच्या पांढऱ्या गाडीतून न्यायचा, असं बोलणं चाललं होतं. राजमतीवहिनी आमच्या समोरच्या बंगल्यात राहतात. त्या म्हणाल्या, "आमची गाडी कालच सेंटरवरनं धुऊन आणलीया. हार तेवढा बांधायचा." तेव्हा माझ्या तोंडून अगदी सहज निघून गेलं, "आमच्या गाडीला घरी आल्यापासून न गाळलेलं पाणी लागलेलं नाही."

हे शंभर टक्के सत्य होतं. गाडी घरी येऊन आठवडाच झाला होता आणि तिला अजून कसलंच पाणी लागलेलं नव्हतं. पण हा पुढचा भाग कुणी विचारला नाही, आणि न विचारता सांगायची मला सवय नाही.

नेमके ट्रस्टचे अध्यक्ष मगदूम आण्णा सतरंज्या मोजत मागं उभे होते. त्यांनी मोजणी थांबवली. "गाळलेल्या पाण्यानं धुतलेली गाडी? सांगलीत? मग कलश त्याच गाडीतनं जाणार. गुणाक्का, पुढल्या रविवारी सकाळी गाडी मंदिरापुढं आणायची. अशी चकचकीत पायजे की लोकांनी विचारावं, कुणाची हाय म्हणून."

राजमतीवहिनी हसल्या. म्हणाल्या, "बघू की." त्यांचं 'बघू की' ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांना त्यातली धार कळणार नाही. घरी येताना माझ्या लक्षात आलं की आता दोन गोष्टी पणाला लागल्या आहेत. एक कलशाचा मान, आणि दुसरा माझा शब्द. मान या वर्षी गेला तर पुढच्या वर्षी येईल. शब्द गेला तर तो कुठल्या वर्षी परत येतो?

आम्ही जैन. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, म्हणून पाणी दुहेरी कापडातून गाळल्याशिवाय मी ते पीत नाही आणि वापरतही नाही. कापडावर राहिलेलं ते जीवांसकट हलकेच पुन्हा पाण्यात सोडायचं असतं, त्याला जिवाणी म्हणतात. आमची जिवाणी रोज एका तांब्यातून हे मंदिराच्या आडात सोडून येतात. हे म्हणजे आमचे यजमान, नेमिनाथ. सूर्यास्तानंतर मी जेवत नाही, जमिनीखालचं काही खात नाही, आणि रोज सकाळी त्या दिवसापुरता एखादा लहानसा नियम घेते. कधी दही नाही, कधी तूप नाही, कधी रागवायचं नाही. या शेवटच्या नियमाच्या दिवशी हे मुद्दाम उशिरा उठतात.

गाडीचा काळा रंग यांनीच निवडला. शोरूममधल्या मुलानं सांगितलं होतं, "काका, काळी गाडी म्हणजे रुबाब." पण रुबाब पुसायला कोण येणार, हे त्यानं सांगितलं नव्हतं. यांचं म्हणणं, सेंटरला नेऊ, पाच मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, "तिथं पाईपनं न गाळलेलं पाणी मारतात. आणि मी मंडळात काय बोलून आले आहे?" यावर यांनी किल्ली परत खिळ्याला अडकवली. संसारात काही माणसं तोंड न उघडताही बरंच बोलतात.

शुक्रवारच्या बैठकीनंतर लगेच शनिवारी मी पदर खोचला. आमच्या कॉलनीत दोन नळ आहेत. एकाला कृष्णेचं पाणी येतं, ते पिण्यासाठी. दुसऱ्याला बोअरचं, ते बाकी सगळ्यासाठी. गाडी धुवायची तर बोअरच्याच पाण्यानं, असा सोसायटीचा ठराव आहे. मी अंगणात मोठी घागर ठेवली, तोंडाला कापड बांधलं आणि एकेक तांब्या ओतत पाणी गाळायला बसले. शेजारचे तानाजीराव कुंपणाच्या भिंतीवर कोपरं टेकवून हे सगळं पाहत होते. तानाजीराव सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. त्यांना माहीत नाही असा विषय आमच्या कॉलनीत अजून राहायला आलेला नाही.

"वयनी," ते म्हणाले, "धुऊन झाल्यावर गाडी उन्हात लावा. मिल्ट्रीत आमी ट्रक उन्हातच लावायचो. आपसूक सुकतंय. हात लावायची गरज न्हाई."

"डाग नाही ना पडत?"

"ट्रकवर डाग? आवं, मी कवा बघितलाच न्हाई."

ट्रक मातकट हिरवा असतो आणि त्याच्यावर डाग पडला तरी तो पगारी रजेवर असल्यासारखा कुणाला दिसत नाही, हा विचार मला त्या वेळी सुचला नाही. मी गाडी नीट धुतली. यांनी ती उन्हात उभी केली. मी आत जाऊन माळ घेऊन बसले. माळ संपवून बाहेर आले तर काळ्याभोर बॉनेटवर पांढरे ठिपके. जिथं जिथं थेंब बसला होता तिथं तिथं त्यानं आपली गोल सही करून ठेवली होती. रांगोळी काढण्याआधी बायका ठिपके मारून घेतात, तसे. रेघा तेवढ्या जोडायच्या राहिल्या होत्या.

हे बाहेर आले. "हे आधीपासून होतं?" एवढंच म्हणाले.

मला गाडीचं दुःख नव्हतं. मला गाळण्याचं दुःख होतं. माझ्या आईनं मला पाणी गाळायला शिकवलं, तिला तिच्या आईनं. आमच्या घराण्यातल्या गाळलेल्या पाण्यात आजवर कुणी खोट काढली नव्हती आणि आता ती एका बॉनेटनं काढली होती. कापड जुनं झालं असेल म्हणून मी नवं कोरं आणलं. दुहेरी पुरत नसेल म्हणून चौपदरी केलं. चौपदरी कापडातून पाणी उतरायला इतका वेळ लागायचा की एकेका तांब्याबरोबर माझं अख्खं स्तोत्र म्हणून व्हायचं. परत गाडी धुतली, परत उन्हात लावली. ठिपके परत आले. या वेळी जास्त रेखीव आले. चौपदरी कापडाचा तेवढा एक गुण दिसला.

पुण्याला आमची लेक प्रियदर्शनी असते. तिला फोन केला. ती म्हणाली, "आई, कापडातनं साखरेचं पाणी गाळलंस तर साखर वर राहते का?"

"नाही."

"मग क्षार कसे राहतील? बोअरच्या पाण्यात क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार तिथंच बसतात. तुझं कापड जीव अडवतं, क्षार नाही अडवत."

मी फोन ठेवला. लेकीनं प्रश्न विचारावा, आईला उत्तर यावं, आणि ते उत्तर लेकीच्याच बाजूनं असावं, यासारखी पंचाईत नाही. पण एक समाधान होतं. गाळण्यात खोट नव्हती. खोट जमिनीत होती. सांगलीच्या जमिनीत मीठ फुटलंय हे शेतकऱ्याला विचारा, तो रडत सांगेल. ते माझ्या बॉनेटवरही फुटलं एवढंच. म्हणजे उपाय सरळ होता. बोअरऐवजी कृष्णेचं पाणी घ्यायचं.

त्यासाठी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटावं लागतं. सेक्रेटरी म्हणजे पायगोंडाभाऊ, राजमतीवहिनींचे यजमान. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत, पण खातं त्यांच्यातून अजून निवृत्त झालेलं नाही. वहिनींचा नवरा म्हणून त्यांनी अडवलं असं मी म्हणणार नाही. ते सगळ्यांनाच सारखं अडवतात. मी म्हटलं, "भाऊ, या एका वेळी बादलीभर नदीचं पाणी गाडीला वापरू का?"

"ठराव हाय आक्का. गाडीला नदीचं पाणी न्हाई."

"ठराव बदलता येतो का?"

"येतोय की. त्याला सभा लागतीया. सभेला गणपूर्ती लागतीया. आपल्यात गणपूर्ती फक्त कोजागिरीला हुतीया, ते बी दुधासाठी." त्यांनी चष्मा पुसला. "अर्ज द्या. कारण काय लिवणार?"

"बोअरच्या पाण्यात क्षार आहेत."

पायगोंडाभाऊंनी चष्मा परत घातला. "म्हंजे सोसायटीचं पाणी सदोष हाय असं लेखी देताय? मग तपासणी आली. तपासणी हुस्तवर बोअर बंद ठेवावी लागंल. आंघोळीला कुणाकडं जायचं ते पण अर्जात लिवा."

मी अर्ज न देता घरी आले. यांनी सुचवलं, "आपल्या वाट्याचंच पिण्याचं पाणी आहे, बादलीभर घे गुपचूप. कोण बघतंय?" मी यांच्याकडं पाहिलं. ठराव मोडून घेतलेलं पाणी म्हणजे चोरी, आणि चोरीचं पाणी कितीही गाळलं तरी चोरीचंच राहतं. मी असं बोलले नाही, नुसतं पाहिलं. पण हे उठून पेपर वाचायला गेले.

एव्हाना मला कळून चुकलं होतं की हे सगळं जिभेमुळं झालं आहे. म्हणून त्या आठवड्यात मी नियम घेतला की सकाळी उठल्यापासून जेवणापर्यंत मौन. जिभेला विसावा, कर्मांना आळा. नियम उत्तम होता. फक्त तो घेताना शेजारी तानाजीराव राहतात हे मी विचारात घेतलं नाही.

बुधवारी सकाळी मी अंगणात तुळशीपाशी उभी होते. भिंतीवरून तानाजीरावांचा हात आला आणि हातात अर्धा कापलेला बटाटा आला.

"वयनी, काल रात्री आठवलं. मिल्ट्रीत काचंवरचा डाग आमी बटाट्यानं काढायचो. घासायचा, धुवायचा, खलास! ह्ये बघा." आणि भिंतीवरून वाकून त्यांनी भिंतीलगत उभ्या गाडीच्या बॉनेटवर बटाटा घासूनसुद्धा दाखवला. "धरा. धरा की. लय सोपं हाय."

आमच्या घरात लग्नापासून बटाटा आलेला नाही. कांदा, लसूण, गाजर, मुळा, काही नाही. बाजारात बटाट्याचा ढीग दिसला तर मी दोन हात लांबून जाते. मी जोरजोरात मान हलवली. तानाजीरावांना ती होकाराची वाटली. मी दोन्ही हात पुढं करून त्यांना थांबवू लागले. पुढं केलेल्या हातात त्यांनी बटाटा ठेवला. तेवढ्यात आतून त्यांचा फोन वाजला आणि "आलोच" म्हणून ते गेले.

मी हातात अर्धा बटाटा घेऊन अंगणात उभी. टाकावा तर कुठं टाकावा? तुळशीत? आमच्याच केराच्या बादलीत? भिंतीपलीकडं फेकावा तर तानाजीरावांच्या डोक्यात. मी विचार करत होते आणि फाटक वाजलं. राजमतीवहिनी दर्शनाहून परतताना सहज डोकावल्या होत्या. त्या कधीच सहज डोकावत नाहीत.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. बटाट्याकडं पाहिलं. परत माझ्याकडं पाहिलं.

"गुणाक्का... ह्ये काय वो?"

मी तोंडावर बोट ठेवलं. म्हणजे मला मौन आहे. त्यांना वाटलं, मी त्यांना गप्प राहायला सांगते आहे. मी भिंतीकडं हात दाखवला. भिंतीपलीकडं कुणी नव्हतं. मी बटाटा गाडीवर घासल्याचा अभिनय केला. मग तोंडाकडं हात नेऊन नाही-नाही केलं, म्हणजे खायला नाही हो. त्यातलं तोंडाकडं नेलेलं तेवढं त्यांनी पाहिलं.

"असू दे, असू दे," वहिनी मागं सरकत म्हणाल्या. "मी कुणाला सांगत न्हाई."

दुपारी मौन सुटलं तेव्हा मंदिर, महिला मंडळ आणि भाजी मंडईचा अर्धा भाग यांना कळलेलं होतं. एकीनं यांना रस्त्यात थांबवून हळूच विचारलं, "वहिनींची तब्येत बरी हाय नव्हं? डॉक्टरनं सांगितलं असंल तर काय दोष न्हाई म्हणा बटाट्यात." हे घरी येऊन मला सांगताना हसत होते. मी हसले नाही. मी त्या दिवशी जेवलेही नाही. उपास नव्हता, नुसता अपमान होता. बॉनेटवर आता पांढऱ्या ठिपक्यांमधून बटाट्याचा एक चिकट पट्टाही गेला होता.

शुक्रवारी संध्याकाळी मगदूम आण्णा आले. पाणी प्याले. दोनदा घसा खाकरला. माणूस चांगला. चांगल्या माणसाला वाईट बोलायचं असलं की आधी घशाचा त्रास होतो.

"आक्का, मला बटाट्याबद्दल काय इच्यारायचं न्हाई. तुमाला मी वळखतो. पण गाडी मी आत येताना बघितली. कलश मानाचा असतोय. मी म्हणतो, राजमतींच्या गाडीतनं नेऊया ह्या खेपंला? तुमी म्होरल्या वर्षी."

यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं होतं माझ्या डोळ्यांत पाणी येईल. ते आलं नाही, बरं झालं. त्याचाही डाग पडला असता. मी म्हटलं, "आण्णा, रविवारी सकाळपर्यंत थांबा. तेव्हा बघा, आणि मग सांगा."

आण्णा म्हणाले, "बरं." पण ते 'बरं' दारातून बाहेर जातानाचं होतं.

शनिवारी पहाटे मी मंदिरात गेले. रोज जाते. अभिषेक रोज पाहते. त्या दिवशी मात्र मी देवासमोर बसून गाडीचा विचार करत होते, आणि याबद्दल मी देवाची तिथल्या तिथं क्षमा मागितली. तर मंदिराचे पुजारी उपाध्ये भगवंतांच्या पितळी मूर्तीवर पाणी घालत होते. आडाचंच पाणी, गाळलेलं. आमच्या आडाचं पाणी काही बोअरहून गोड नाही. अभिषेक संपला आणि उपाध्यांनी कोरडं कापड घेतलं. आधी मस्तक, मग खांदे, मग बाहू, मग मांडी. एक भाग पुसला की कापडाची कोरडी बाजू पुढं, मग दुसरा भाग. कोपरा नाही सोडला, बोटांच्या मधली जागा नाही सोडली. एकही थेंब त्यांनी आपला आपण सुकू दिला नाही. आणि मूर्ती! इतकी वर्षं रोज त्याच पाण्यानं न्हाते आहे, पण एक ठिपका नाही.

मी बसल्या जागी ताठ झाले. आम्ही आठवडाभर पाण्याच्या मागं लागलो होतो. दोष पाण्याचा असो वा जमिनीचा, डाग पाण्यानं पडतच नाही. डाग पडतो तो पाणी तिथं वाळल्यानं. पाणी वाळायच्या आत पुसलं की क्षार कापडात येतात, बॉनेटवर बसत नाहीत. आणि आम्ही तर सुभेदारांच्या सल्ल्यानं गाडी मुद्दाम वाळत घातली होती, सांडग्यांसारखी.

घरी येऊन मी घाई केली नाही. ऊन उतरू दिलं. हे म्हणाले, "आत्ताच कर की." मी म्हटलं, "पत्रा तापलेला आहे. त्याच्यावर पाणी टाकलं की पुसायच्या आत उडून जाईल." हे माझ्याकडं असे पाहू लागले की जणू मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहे.

दुपार कलल्यावर गाडी पोर्चच्या सावलीत घेतली. बॉनेटला हात लावून पाहिला, गार लागला. नळाच्या तोटीवर पांढरा थर साठतो तो मी लिंबूसत्त्वाच्या पातळ पाण्यानं काढते. तेच पाणी आधी दाराच्या कोपऱ्यात लावून पाहिलं. रंगाला काही झालं नाही, ठिपका मात्र गेला. मग कामाची वाटणी केली. हे गाळलेलं पाणी देणार. मी साबण लावणार आणि धुणार. पुसायला मऊ, जुनी, धुऊन वाळवलेली सुती धोतरं. एका वेळी एकच भाग. एक दार धुवायचं, ते पूर्ण कोरडं झाल्याशिवाय दुसऱ्या दाराला पाणी लावायचं नाही.

भिंतीवर तानाजीराव उगवले. बटाट्यापासून ते जरा नरम होते. "वयनी, मी काय करू?"

मी म्हटलं, "तुम्ही फक्त बघा, कुठं थेंब राहिला तर सांगा."

हे काम त्यांना असं मानवलं की विचारू नका. "डावा आरसा, खाली, एक थेंब!" "नंबर प्लेट, बोल्टापाशी!" "नेमिनाथराव, झोपू नका, कापड बदला!" हे बिचारे कापड बदलत, घागर उचलत, जन्मात पहिल्यांदा परेड करत होते. राजमतीवहिनींच्या खिडकीचा पडदा हलत होता. वाऱ्याविना हलत होता.

आधी टप, मग काचा, मग बॉनेट, मग दारं. ठिपके गेले, बटाटा गेला. काळा रंग असा वर आला की त्यात पोर्चचा दिवा, तुळस आणि यांचं टक्कल वेगवेगळं ओळखू यायला लागलं. शेवटचं दार राहिलं तेव्हा हे आकाशाकडं पाहून म्हणाले, "अगं, दिवस बुडायला आला. तू जेवून घे. आल्यावर करू."

दार ओलं होतं. मी जेवायला गेले असते तर दार वाळलं असतं. दार पुसलं असतं तर दिवस बुडला असता. मी पश्चिमेकडं एकदा पाहिलं आणि कापड उचललं. दार कोरडं झालं तेव्हा दिवे लागले होते. त्या दिवशी मला उपास घडला, आणि इतका पोटभर उपास मला आजवर घडलेला नाही.

रविवारी सकाळी गाडी मंदिरापुढं उभी राहिली. राजमतीवहिनी आधी आल्या. चष्मा लावून एक फेरी मारली. बॉनेटवर बोट फिरवलं, बोट उन्हात धरून पाहिलं. मग आण्णा आले. त्यांनी फेरी मारली नाही. एका जागी उभे राहिले आणि म्हणाले, "कलश आणा." बस, एवढंच. मला काही वाटलं नाही असं मी म्हणू शकते, पण मला असत्य न बोलण्याचाही नियम आहे.

हे गाडी चालवायला बसले. मी मागं, मांडीवर कलश. पुढं बँड, मागं बायका गाणी म्हणत. दहा पावलं गाडी गेली नसेल तोच पुढं काही तरी फवारताना दिसलं. धूळ बसावी म्हणून ट्रस्टनं टँकर मागवला होता. तो रस्त्यावर पाणी मारत चालला होता, आणि वाऱ्यानं त्याची एक झड वळून आमच्या गाडीवर आली. बॉनेट, काच, दारं. थेंबच थेंब. आणि वर फाल्गुनातलं ऊन.

"गेलं!" हे म्हणाले.

मला दिसत होतं की या क्षणी घड्याळ सुरू झालं आहे. मांडवापर्यंत पोचेतो गाडीवर रांगोळीचे ठिपके पडणार. उतरून पुसायचं तर कलश कुणी धरायचा? तो खाली ठेवता येत नाही. मी खिडकीतून पाहिलं. सगळ्यांत जवळ राजमतीवहिनी चालत होत्या.

"वहिनी," मी म्हटलं, "आत बसा. कलश घ्या."

"मी?"

"तुम्हीच. लवकर. थेंब वाळतायत."

त्या आत बसल्या, कलश त्यांच्या मांडीवर दिला आणि मी उतरले. डिकीत कोरडी धोतरं होती. बँड वाजतो आहे, गाडी मुंगीच्या पावलानं चालली आहे आणि मी तिच्या बाजूनं चालत पुसते आहे. एक दार, मग दुसरं. मागच्या बायकांना वाटलं, हा विधीच आहे. एकीनं विचारलं, "आक्का, आमी पण सेवा करू?" मी कापड दिलं. मग दुसरी आली, तिनं आपली ओढणी काढली. बघता बघता गाडीभोवती इतक्या बायका झाल्या की टँकरनं अजून चार झडी मारल्या तरी एकाही थेंबाला बसायला वेळ मिळेना. आणि आतून, मांडीवर कलश घेऊन, राजमतीवहिनी खिडकीतून हुकूम सोडत होत्या, "मागल्या चाकावर! आक्का, मागल्या चाकाच्या वर एक राहिला बगा! ए पोरी, हळू, वळ उठंल!"

मांडवात पोचलो. आण्णांनी माइक हातात घेतला. "मंडळी, आज मंगल कलश ज्या गाडीतनं आला, त्या गाडीला आजवर न गाळलेलं पाणी..."

मी पुढं गेले आणि हात वर केला. मांडवात मी आजवर हात वर केलेला नव्हता. आण्णांनी माइक माझ्याकडं दिला.

"लागलं," मी म्हटलं. "आज लागलं. टँकरचं. तेव्हा ते आता म्हणू नये."

राजमतीवहिनी कलश घेऊन उभ्या होत्या. त्यांना 'बघू की' म्हणायची ही उत्तम संधी होती. त्या म्हणाल्या, "पण डाग न्हाई पडू दिला. मी आत होते. मी बगितलंय." आणि जरा थांबून, हळू आवाजात पण माइकला ऐकू जाईल असं, "आमच्या पांढऱ्या गाडीवर पण पडतात वो. दिसत न्हाईत एवढंच."

"टँकर कुणी मागवला हो?" मागून कुणी तरी ओरडलं.

आण्णांनी घसा खाकरला. "टँकर मीच मागवला," ते म्हणाले, आणि मग मांडव असा हसला की बँडवाले उगाच वाजवायला लागले. हसणं ओसरल्यावर आण्णा म्हणाले, "कलश म्होरल्या वर्षी बी ह्याच गाडीतनं. आणि बाजूनं पुसत चालायचं, ही सेवा आजपासनं चालू."

मिरवणुकीच्या गर्दीत आण्णांचा फेटा तिरका झाला होता. व्यासपीठावरून खाली उतरल्यावर ते गाडीपाशी आले, बॉनेटवर जरा वाकले आणि त्यात बघून फेटा सरळ केला. त्यांच्या मागं राजमतीवहिनी थांबल्या होत्या, त्यांनी कुंकू नीट केलं. त्यांच्या मागं आणखी कुणी होतं. थोड्या वेळात रांग लागली. तानाजीराव रांगेच्या टोकाला उभे राहून "एकेकानं, एकेकानं, टेकू नका गाडीला" असं म्हणत होते.

अशा वेळी व्रत करणाऱ्या बाईनं नजर खाली ठेवावी, असं सांगितलेलं आहे. मी ठेवली. खाली दाराचा खालचा पत्रा होता. तोसुद्धा चकचकत होता.